रकाना अकरावा

सर्जेकोटच्या जेटीकडून पहिला गाळा माझा.
झेरॉक्स, रिचार्ज, लॅमिनेशन,
आणि पाटीवर नसलेलं एक काम:
लोकांना ईमेल काढून देणं. वीस रुपये.

लिलाव आटपला की बायका येतात.
रत्नप्रभा कोयंडे आली,
टोपलीत उरलेले चार बांगडे, वर ओलं फडकं,
फोन प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारलेला,
आणि सोसायटीचा फॉर्म.
अकराव्या रकान्यात तिला
जन्मात कुणी न विचारलेलं विचारलं होतं.

"अजून कोणी लिवक नाय, आणि वीस रुपये?"

नाव टाकलं. आडनाव टाकलं.
फोन म्हणाला, हे नाव आधीच घेतलेलं आहे.
"कोणी घेतल्यान?"
असेल कुणीतरी, म्हटलं. पुण्यात, नाहीतर अबूधाबीत.
"माशे इकता ती?"
मागे जन्मसाल लावलं. तेही गेलेलं.
मग फोन स्वतःच सुचवायला लागला,
रत्नप्रभाच्या मागे शेपटासारखे पाच आकडे.
"ह्यो तर गाडयेचो नंबर."

बाहेर बर्फाचा टेम्पो मागे येत होता,
कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे, बस.
"एक आसा," ती म्हणाली.
"चंपी. चंपावती आडकर. तळाशिलची."

लग्नात ताटातल्या तांदळावर
अंगठीनं नवं नाव कोरलं,
आणि त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला.

टाईप केलं. गोल फिरला.
सर्जेकोटात तो जरा जास्तच फिरतो.
मग हिरवं.
उपलब्ध आहे.
तेहतीस वर्षं ते कुणी उचललं नव्हतं.

पुढं विचारलं, तुम्ही यंत्र नाही ना?
नऊ चित्रं. ज्यात होडी दिसते ती निवडा.
तिनं माझा चष्मा मागून घेतला.
"ही पात. ह्यो ट्रॉलर, आपल्याकडचो न्हय.
ही गोऱ्या लोकांची, मजेची. हिका होडी म्हणूचा?
ही बग, ही बुडतासा."
तितकं नाही विचारत तो, मी म्हटलं.
"मगे विचारता कित्याक?"
तिच्या हिशोबानं होडी एकच निघाली.
तेवढीच दाबली.
फोनला पटलं नाही.
दुसऱ्या खेपेला बसगाड्या आल्या. त्यात पास झाली,
बसगाड्यांबद्दल तिचं काही मत नव्हतं.

पासवर्डाच्या वेळी मी मान वळवतो. नियम आहे माझा.
पण तिला अक्षरं सापडेनात,
म्हणून कानाशी येऊन सांगितला.
एका होडीचं नाव, आणि तिचा नंबर.
ती होडी मला माहीत आहे.
जेटीवर सगळ्यांनाच आहे,
नाव मात्र कुणी घेत नाही.
फोन म्हणाला: मजबूत.

पहिलं पत्र लगेच आलं, कंपनीचं.
चंपावती, तुमचं स्वागत आहे.
मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.
"उलट काय लिवचा?"
काही नाही. ह्या पत्त्यावर उत्तर जात नाही.
"साद घातल्यार ओ देवक व्हयी,"
म्हणत ती स्टुलावर बसलीच.
तर सांगेल तसं लिहिलं:
पत्र पोचला. मी बरी आसंय.
बांगड्याक आज भाव नाय.

पाठवलं.
अर्ध्या मिनिटात परत आलं,
इंग्रजीत, लांबलचक, आकड्यांनी भरलेलं.
तोवर तिनं काउंटरवर दहाच्या दोन नोटा ठेवल्या होत्या,
त्यांवर एक बांगडा,
आणि टोपली डोक्यावर घेत विचारत होती,
"पोचला?"

पोचलं, मी म्हटलं.

बांगडा गुंडाळायला हाताशी आला तो कागद घेतला.
कुणाच्या तरी शाळा सोडल्याच्या दाखल्याची
फिकट, वाकडी आलेली प्रत.